हातभरणीची काडतुसं

१४ नोव्हेंबर. आजचं काम : बाबांची उरलेली काडतुसं रिकामी करणं.

औषधाचं दुकान आज नवऱ्याकडे सोपवलं. गच्चीवर जुनी सतरंजी अंथरली. पाण्याची बादली, पक्कड, लाकडाचा ठोकळा आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. देवघरातली समई, गॅस, शेजारच्यांची सिगारेट, सगळं दोन मजले खाली. माझा धाकटा भाऊ दिलीप सकाळीच सावनेरहून पत्र्याचा डबा घेऊन आला होता. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आमची रायफल महिन्यापूर्वीच जमा झाली. ती आता परत आणायची नाही, परवानाच सोडून द्यायचा, असं दिलीपने ठरवलं. ठाण्यातल्या माणसाने रायफल घेतली, कागद घेतले आणि डब्यात डोकावून सांगितलं की हे हातानं भरलेलं आम्ही ठेवत नाही, रिकामं करून नुसतं पितळ आणा.

"तुलेच येते हे," दिलीप म्हणाला. "मी नुसता उडवणारा."

जिन्यापाशी थांबून तो वळला. "चहाचं निघालं तं हाक मार, ताई. कपबशी घेऊन येतो."

तो हसला. मीही हसले. या विनोदावर हसायची मला सवय आहे.

नोव्हेंबरात नागपूरला उन्हाची धार जाते. सकाळी गच्चीची फरशी गार असते, दुपारी पाठीला ऊन बरं वाटतं, आणि चार वाजले की कुणीतरी दिवस मिटून ठेवल्यासारखा उजेड कमी होतो. मानेवाड्याच्या आमच्या रस्त्यावर संत्र्यांच्या हातगाड्या लागल्या आहेत. त्यांच्यामधून प्रचाराच्या रिक्षा जातात. गाणी बदलतात, भोंगा तोच. लोकांना हा हंगाम आवडतो. मला काही वर्षांपासून आवडत नाही आणि त्याचं कारण या डब्यात आहे.

काडतूस अंगठ्याएवढं जाड आणि माझ्या मधल्या बोटाहून लांब. दोन नळ्यांच्या या रायफलीला घरात नळीच्या मापावरून 'पाचशेची' म्हणत. आजोबांनी ती सावनेरच्या खाणीवरच्या एका साहेबाकडून घेतली होती. तो देश सोडून चालला होता आणि त्याला ती घेऊन जायची नव्हती. साहेब गेला, त्याच्या मागून कारखान्यातली काडतुसंही गेली. ही जात बनवणंच बंद झालं. मग उरली ती पितळेची रिकामी नळकांडी. ती पुन्हा पुन्हा भरायची. आमच्या घरात सोनं बँकेत असे आणि हे पितळ कपाटात, कुलपात.

नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी दिवाळीच्या आधी दोन भरण्या होत. आई स्वयंपाकघरात करंज्या भरायची, बाबा छपरीत काडतुसं. मला करंजीची कड कधीच नीट मुरडता आली नाही, म्हणून आईने मला बाबांकडे पाठवलं. तिथे मी टिकले. आधी पितळ चिंचेच्या पाण्यात घासायचं, मग उन्हात वाळवायचं. तळाला नवी टोपी बसवायची. टोपी म्हणजे ठिणगी देणारी ती बारकी वाटी. मग दारू. बाबांकडे सोनाराचा काटा होता. एकेक माप काट्यावर चढायचं. दारूवर पुठ्ठ्याची चकती, आणि सर्वांत वर शिशाची गोळी. शिसं बाबा अंगणात चुलीवर वितळवायचे, पण त्या दिवशी भरणी नसायची. आग आणि दारू यांची एका दिवशी गाठ घालायची नाही, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला.

दुसरा नियम, दारू ओतताना बोलायचं नाही. कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. द्यावीच लागली तर हातातलं माप परत डब्यात ओतायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. तिसरा नियम, गोळी बसवण्याआधी सगळी काडतुसं रांगेत उभी करून एकेकाच्या तोंडात डोकावायचं. "दारू दिसली काय?" बाबा विचारायचे. "दिसली." "डोळ्यानं पाहिली का अंदाजानं?" "डोळ्यानं." "मंग ठीक. अंदाजानं मानूस मरते वं बाई."

मी पुढे औषधशास्त्र शिकले तेव्हा प्रयोगशाळेत मला काहीच नवं वाटलं नाही. वजन करा, नाव लिहा, पुन्हा वाचा. माझ्या दुकानात चिठ्ठी न लावलेली बाटली पाच मिनिटंही उभी राहत नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळपासून चौदा काडतुसं झाली. गोळी पकडीत धरायची, हलकेच फिरवत उपसायची, आतलं वर्तमानपत्रावर ओतायचं, बघायचं, मग बादलीत. काळी दारू पाण्यात पडली की आधी तरंगते, मग काळा ढग होऊन खाली बसते. गंधकाचा वास येतो. गावाकडच्या दुपारी त्या वासाच्या असत. पंधराव्या काडतुसातून चहा निघाला.

हा चहा भरला गेला त्या वर्षीही निवडणूक होती. संत्र्याचा आंबिया बहार झाडावर पिकत होता आणि रानडुकरं बागेत यायला लागली होती. पडलेली फळं खातात ते वेगळं. मुळं उकरतात, ठिबकच्या नळ्या चावून टाकतात, झाड आडवं करतात. बाबा ऐंशीच्या पुढे. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. दिलीप खाणीत नोकरीला, रविवारी यायचा. शेत पाहायचा देवाजी, आमचा सालदार, वीस वर्षं आमच्याकडे राबलेला. त्याची बायको पार्बता बाबांचं जेवणखाण करायची. एके दिवशी तिचा फोन आला : "ताई, बुढ्याचं काही खरं नाही. काल मले इचारलं, तू कोन हायस म्हून."

मी दीड महिना गावी जाऊन राहिले. बाबांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दोन दिवसांत कळलं. दुकानात स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्यांचे चेहरे मी रोज पाहते. त्या गोळ्यांनी काय होतं आणि काय होत नाही हेही मला माहीत आहे. सकाळी ते ठीक असत. दुपार झाली की बेचैनी चढायची. दाराशी जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. "रायफल कुठी हाय?" "ठाण्यात आहे बाबा, निवडणूक आहे." "कोनती निवडणूक?" अर्ध्या तासाने परत तेच. एकदा रायफल शोधत ते थेट फाट्यापर्यंत चालत गेले. देवाजीने सायकलवर बसवून आणलं. येताना बाबा त्याला सारखे विचारत होते, "तुही सायकल हाय काय बाप्पा? झकास हाय."

एका दुपारी त्यांनी कपाटातला डबा काढला आणि छपरीत भरणीला बसले. मी धावत गेले, पण थांबले. त्यांचा चेहरा निवळला होता. हात थरथरत होते तरी क्रम चुकत नव्हता. चिंचेचं पाणी, टोपी, काटा. तीन तास ते एका जागी बसले. त्या घरात पंधरा दिवसांत मला पहिल्यांदा पाय पसरून बसता आलं.

त्यांना थांबवणं शक्य नव्हतं, आणि दारूजवळ बसू देणं बरोबर नव्हतं. त्यांना अधूनमधून बिडी लागायची आणि ती पेटवल्याचं लक्षात राहत नसे. मी माझ्या पद्धतीने प्रश्न सोडवला. खरी दारू दुसऱ्या डब्यात काढून धान्याच्या कोठीमागे ठेवली. दारूच्या डब्यात बुकणीचा चहा भरला. रंग जवळपास तोच. रायफल तर ठाण्यातच होती. निवडणूक संपायच्या आत भरलेलं सगळं मोकळं करून टाकू, एवढाच हिशोब केला.

पार्बता म्हणाली, "ताई, पत्ती लई लवकर सरून राहिली."

"मीच जास्त पिते," मी म्हटलं.

बाबांना संशय आला होता, हेही लिहिते. पहिल्याच दिवशी त्यांनी माप नाकाशी नेलं. "दारू मेली काय वं? वास नाही येऊन राहिला."

"बरेच दिवस डबा बंद होता, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि माप काट्यावर ठेवलं. मी सांगितलं म्हणजे खरं असणार. भरणीत त्यांनी स्वतःच्या नाकापेक्षा दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवल्याची ती एकच वेळ.

निकाल लागायच्या दोन दिवस आधी दुकानात औषध निरीक्षक येणार असल्याचा निरोप आला. मी पहाटेच्या एसटीने नागपूरला निघाले. निघताना खरी दारू पुन्हा तिच्या डब्यात भरली, चहा कचऱ्यात टाकला, कोठीमागचा डबा पुसून ठेवला. सगळं जागच्या जागी. भरलेली काडतुसं मात्र तशीच राहिली, आधीच्या चांगल्या काडतुसांशेजारी, त्याच डब्यात. त्यांच्यावर चिठ्ठी नव्हती. एसटीत आठवलं. दिलीपला सांगू, म्हटलं. मग निरीक्षक आले, मग दिवाळीची गर्दी. दिलीप रायफल लगेच सोडवून आणेल असं मला वाटलंच नाही. अंदाज केला.

निकालानंतरचा पहिलाच रविवार. दिलीपने रायफल सोडवून आणली होती. दिलीपकडे डुकरं मारायच्या परवानगीचा कागद होता. सकाळी उजाडल्यावर देवाजी आणि दोन गडी बागेच्या वरच्या टोकाने डबे वाजवत आले. खालच्या बांधावर दिलीप उभा होता. मोठा नर बाहेर आला. दिलीपने घोडा ओढला तर फट् करून नुसती टोपी वाजली. दुसऱ्या नळीतही तेच. डुक्कर वळलं ते देवाजीवर. मांडी गुडघ्यापर्यंत उभी फाटली.

दिलीपचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. समोर एक बाई चिठ्ठी धरून उभ्या होत्या.

"ताई, चहा वं," तो म्हणाला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "म्या पकडीनं उघडून पाहिलं. चहा हाय आतमंदी. बाबानं चहा भरला, चहा!"

मी विचारलं, "देवाजीला कुठे नेलं?" मग धनुर्वाताचं इंजेक्शन, मग रेबीजची लस, मग रक्त किती गेलं, कुठल्या दवाखान्यात हलवायचं, कुणाची गाडी. एका मिनिटात सहा सूचना दिल्या. त्यातली एकही चुकीची नव्हती. समोरच्या बाईंना त्यांची औषधं मोजून दिली. खरी गोष्ट सांगायला मला फक्त एक वाक्य लागलं असतं. पण आधी उपचार, असं मी स्वतःला सांगितलं. उपचार झाले तोवर दोन दिवस गेले होते. मग दिवाळी होती. आणि तोवर गावाने गोष्ट उचलली होती.

गावाला अशी गोष्ट मिळाली की ती सोडत नाही. चौकातल्या पानठेल्यावर ती रोज नव्याने शिजायची. "बुढा डुकराले चहा पाजून राहिला गा!" "साखर टाकली होती का बिनसाखरेचा?" "डुक्कर म्हने, दूध काहून नाही?" बाबा रस्त्याने गेले की कुणीतरी हाक मारायचं, "काका, एक कट द्या ना!" चाळीस वर्षं ज्यांच्या काडतुसाने दगा दिला नाही, आसपासच्या गावांतून ज्यांना बोलावणं यायचं, ते बाबा 'चहावाले' झाले. मीही एकदा तिथून जाताना हे ऐकलं. थांबले नाही.

भाऊबीजेला मी गावी गेले. बाबा छपरीत भिंतीला टेकून बसले होते. डबा कुलपात होता आणि किल्ली दिलीपकडे. मी ताट घेऊन गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्या क्षणी ते स्वच्छ होते. मी कोण, आज काय, सगळं त्यांना माहीत होतं.

"बाई, खरं सांग. म्या चहा भरला काय वं?"

माझ्या आयुष्यातली सर्वांत सोपी परीक्षा होती ती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "होतं असं. वय झालं."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग आपली बोटं त्यांनी नाकाशी नेली, एकेक करून हुंगली. "वास कसा नाही आला मले?" ते म्हणाले.

दारूचा वास नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणूनच त्यांनी मला विचारलं होतं. ते विसरले होते आणि मी विसरले नव्हते.

त्यानंतर बाबा स्वतःवर विश्वास ठेवेनासे झाले. ताटातलं मीठ बोटावर घेऊन विचारायचे, "हे मीठच हाय ना?" शर्टाची गुंडी लावताना विचारायचे, "ह्याच भोकात ना?" स्वतःच्याच दारात उभे राहून आत येऊ का म्हणून विचारायचे. आजार वाढणारच होता, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण आजार माणसाकडून आठवणी नेतो. त्यांच्या हातांवरचा भरवसा मी नेला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

संध्याकाळी चारला काम संपलं. डब्यात अठ्ठावीस काडतुसं होती. अकरांतून चहा निघाला. इतक्या वर्षांनी त्याला चहाचाही वास राहिला नव्हता. चहाची भरणी मी मुद्दाम एकेक करून पाहिली. प्रत्येकाचं वजन सारखं. चकती सरळ. गोळी बरोबर त्याच खोलीवर. ते काम एका थरथरत्या म्हाताऱ्याचं आहे असं कुणीही ओळखलं नसतं. काडतुसं निर्दोष भरली होती.

दिलीप पितळ न्यायला वर आला. बादलीशेजारी कागदावर चहाचा ढीग होता. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला. या वेळी हसला नाही.

"काय डोकं होतं बाबाचं," तो म्हणाला. "आन काय झालं."

त्याने पितळ पिशवीत भरलं. उजेड जायच्या आत सावनेरला पोचायचं म्हणून तो घाईत होता. मी जिन्यापर्यंत गेले. "नीट जा," एवढंच म्हटलं. खाली प्रचाराची रिक्षा चालली होती. गच्ची झाडली, बादली मोरीत ओतली, हात तीन वेळा धुतले. मग जेवणाची वेळ झाली.

मला पश्चात्तापाचं फारसं कौतुक नाही. दुकानात माणसं येतात, वेळेवर औषध दिलं नाही म्हणून रडतात, त्याने रोग्याला काही फरक पडत नाही. गेलेल्याला आता काही सांगता येत नाही. पण ज्यांना सांगता येईल अशी माणसं जिवंत आहेत, आणि त्यांनाही मी तेवढीच वर्षं सांगितलेलं नाही.

१५ नोव्हेंबर. सकाळी साडेसहाची एसटी धरली. काटोलच्या पुढे दोन्ही बाजूंना बागा लागल्या तेव्हा दिलीपला फोन केला आणि सगळं सांगितलं. शेवटपर्यंत त्याने मला तोडलं नाही. मी थांबल्यावर त्याने फोन ठेवला. मी परत लावला, त्याने उचलला नाही.

फाट्यावर उतरून देवाजीच्या घरी गेले. त्याला आता शिडीवर चढता येत नाही. हंगामात दुसऱ्यांच्या बागेतली संत्री बसून निवडून देतो. अंगणात उन्हाला खाटेवर पाय लांब करून बसला होता. पार्बताने बसायला पाट दिला. मी उभ्यानेच सांगितलं.

"म्हंजे बुढ्यानं नाही भरला?" देवाजी म्हणाला.

"नाही. मी."

"आन सांगतलं काहून नाही?"

"भ्याले."

त्याने मांडीवरून हात फिरवला. बाबांच्या मातीला तो आला नव्हता. पाय दुखत असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"पायाचं सोडा," तो म्हणाला. "बुढा आलता मले पाहाले. ह्या दारात हात जोडून उभा राहिला. म्या म्हनलं, निघ इथून, तुह्यापायी मेलो असतो मी. वीस वर्सं त्याच्या घरचं खाल्लं, ताई. आन मातीले नाही गेलो. आता म्या कोनाले सांगू?"

पार्बता त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. माझं चुकलं, असं मी म्हटलं. ते त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही.

थोड्या वेळाने त्याने खाटेखालची काठी ओढली आणि उठला. "चौकात लोकं अजून हासते त्याच्यावर," तो म्हणाला. "चाला."

आम्ही त्याच्या चालीने गेलो. पानठेल्याच्या बाकावर पाच-सहा जण होते. दोघांना मी ओळखत होते, बाकीचे नव्या पिढीचे. देवाजी काठी टेकवून माझ्या शेजारी उभा राहिला. मी कुणाची मुलगी ते सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली.